ओवीला मोजपट्टी लागत नाही

शाळेत वृत्तांचा धडा आला की मुलं बोटांवर लघुगुरू मोजायची. ओवीपाशी बोटं अडत. एका चरणात सात अक्षरं, पुढच्यात दहा, शेवटचा तर अर्ध्यातच संपतो. "सर, हिचा नियम काय?" पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. बाकी सगळं म्हणणाऱ्याच्या दमावर.

हा दम कामातून आला. चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. माझी आजी जात्यावर बसली की लांबलेली ओळ घाईने उरकायची. तोकडी पडली तर "ग बाई" घालून फेरा पुरा करायची. दाणे टाकायला हात खुंट्यावरून निघाला की गाणंही तिथेच थांबे.

1290 मध्ये नेवाशाला ज्ञानदेवांनी गीता सांगायला घेतली ती ओवीतच. गीतेतल्या अनुष्टुभ श्लोकाची बत्तीस अक्षरं ठरलेली. ज्ञानदेवांना तर समोरच्या श्रोत्यांशी बोलायचं होतं, मध्येच संतांची विनवणी करायची होती, दृष्टांतामागून दृष्टांत द्यायचे होते. सातशे श्लोकांच्या नऊ हजारांवर ओव्या झाल्या त्या उगीच नाही. ज्ञानेश्वरीच्या पारायणात कान देऊन ऐका: तीन चरणांत चढलेला आवाज चौथ्यात थेट बोलण्याच्या पट्टीत उतरतो. श्लोकांसाठी गाजलेल्या वामनपंडितांनीही गीतेवरची 'यथार्थदीपिका' ओवीतच लिहिली, यातच काय ते आलं.

या सैलपणाची किंमतही मोजावी लागली. गणवृत्तात अक्षर घुसडलं तर ओळ लंगडते, लबाडी पकडली जाते. इथे अख्खी ओवी घुसली तरी सांधा दिसत नाही. नकलांमध्ये पाठ इतके बिघडत गेले, की 1584 मध्ये एकनाथांना ज्ञानेश्वरी शुद्ध करावी लागली. वर कुणी यात आपली ओवी घालू नये, असा दमही त्यांनी भरला. छंद राखण करीना, मग धाक घालण्यावाचून इलाज काय?

जात्यावर असा धाक कधीच नव्हता. अभ्यासक हेमा राईरकर, गी पॉइतवाँ आणि गावोगावच्या सहकाऱ्यांनी लाखावर ओव्या गोळा केल्या. तिथे भाऊ, लेक, गाव, नदी सगळं बाई आपलं घालते, आणि लांबलचक नाव असलं तर तेवढा शब्द भरभर म्हणून टाकते.