सीतास्वयंवर : पडद्यामागची सिद्धता

सांगलीचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आज्ञेवरून विष्णुदास भावे यांनी १८४३ साली रंगभूमीवर आणलेले पौराणिक नाटक. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून राजांनी तसे काही मराठीत व्हावे, असे सुचवले. पदरचना, नटांची शिकवणी आणि खेळाची मांडणी अशी सारी जबाबदारी भाव्यांवर पडली. लाकडी बाहुल्या घडवण्यातही त्यांचा हात बसलेला होता.

लिखित संवाद नव्हते. कथा सूत्रधार पदांतून पुढे नेई आणि नट त्या धाग्याने आयत्या वेळी भाषणे करीत. खेळाचा क्रम मात्र ठरलेला : सूत्रधाराचे मंगलाचरण, विदूषकाची थट्टा, गणपती, मग मोरावर नाचत येणारी सरस्वती. स्त्रीपात्रे पुरुषच रंगवीत. राक्षस आरडाओरडा करीत, तलवारी परजत येत. सूक्ष्म अभिनयाला तिथे फारसा वाव नसावा.

१८५१ मध्ये अप्पासाहेब वारले, राजाश्रय सुटला. भाव्यांना मंडळी घेऊन दौरे काढावे लागले. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत खेळ केले. सीतास्वयंवराच्या पहिल्या प्रयोगाची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन मानतात. त्या दिवशी सांगलीत विष्णुदास भावे गौरवपदक दिले जाते.