ठरल्या क्षणाचा हक्क : लिनक्सवरील ध्वनी आणि रिअल-टाइम परवाना

संगणकात ध्वनी नमुन्यांच्या लहान तुकड्यांनी पुढे सरकतो. सेकंदाला ४८,००० नमुने आणि एका तुकड्यात ६४ नमुने असा हिशेब धरला, तर प्रत्येक तुकडा सिद्ध करण्यास जेमतेम १.३ मिलिसेकंद मिळतात, आणि ती वेळ हुकली की ध्वनी तुटून त्याची खटखट ध्वनिमुद्रणात कायमची उतरते. हे टाळण्यासाठी ध्वनीची प्रक्रिया इतर सर्व कामांआधी प्रोसेसरवर चढली पाहिजे. पॉझिक्स मानकाने आखून दिलेली ही रिअल-टाइम व्यवस्था लिनक्समध्ये १ ते ९९ अशा प्राधान्यक्रमांनी उपलब्ध होती; परंतु अशी प्रक्रिया अखंड चक्रात अडकली, तर एकाच प्रोसेसरचे यंत्र पूर्ण गोठत असे, म्हणून हा अधिकार केवळ रूट, म्हणजे व्यवस्थेच्या सर्वाधिकारी खात्याकडे राखलेला होता.

परिणामी संगीतकारांना संपूर्ण ध्वनिप्रणालीच रूट म्हणून चालवावी लागे. एका हक्काच्या गरजेपोटी सारे हक्क बहाल करण्याची ही रीत धोक्याचीच होती. १९९९च्या लिनक्स २.२ने रूटच्या सत्तेचे ‘केपेबिलिटी’ नावाचे सुटे हक्क केले खरे, पण ते दुसऱ्या प्रक्रियेकडे सोपवण्याची वाट सर्वसाधारण कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, बंद असल्याने, पॉल डेव्हिस यांच्या जॅक या ध्वनिसेवेला २.४ मालिकेत त्या मार्गाचा लाभ देण्यासाठी कर्नल बदलून पुन्हा बांधावे लागे. वाद्य हाती असलेल्या माणसाकडून ही अपेक्षा अवाजवी होती.

२.६ मालिकेत टोर्बेन होन आणि जॅक ओ’क्विन यांनी रिअल-टाइम एलएसएम हे कर्नलला जोडता येणारे मॉड्यूल रचले, ज्यात एका वापरकर्ता-गटाचा क्रमांक दिला की त्या गटातील सर्वांना हा अधिकार मिळे. ध्वनिकारांनी ते आनंदाने स्वीकारले. मात्र २००४-०५च्या हिवाळ्यात ते मुख्य कर्नलमध्ये घेण्यावरून मोठा वाद झाला. कोणावर विश्वास ठेवायचा हे धोरण कर्नलमध्ये कोरले जाऊ नये, हा विरोधकांचा आक्षेप तात्त्विकदृष्ट्या रास्त होता, आणि साधे, आजच चालणारे साधन हवे, ही ध्वनिकारांची निकडही तितकीच खरी होती. या ताणातून निघालेला तोडगा मूळ प्रस्तावाहून सरस ठरला : जून २००५च्या २.६.१२ आवृत्तीत रिअल-टाइम प्राधान्याला प्रक्रियेच्या इतर मर्यादांसारखीच एक कमाल मर्यादा मिळाली, कर्नलने ती केवळ पाळायची आणि कोणाला किती द्यायची हे व्यवस्थापकाने ठरवायचे. लॉगिनच्या वेळी पॅम ही प्रमाणीकरण यंत्रणा मर्यादांच्या फाइलमधून हा निर्णय वाचते. तिथेच मेमरी कुलूपबंद करण्याची मुभाही दिली जाते, कारण ध्वनीचा तुकडा डिस्कवर ढकलला गेला, तर तो वेळेत परत येत नाही.

गोठण्याचे भय मात्र उरलेच होते. २००८च्या २.६.२५ने रिअल-टाइम कामांना दर सेकंदातील ०.९५ सेकंदच देऊन उरलेला वेळ इतरांसाठी राखला, आणि २००९मध्ये लेनार्ट पोटरिंग यांच्या रिअलटाइमकिटने मागणी तपासून प्राधान्य देणारी व प्रसंगी काढून घेणारी मध्यस्थ सेवा सामान्य डेस्कटॉपवर आणली. डेबियन या लिनक्स वितरणाचे जॅक पॅकेज अजूनही व्यवस्थापकाला हा परवाना द्यायचा का असे विचारते, यंत्र गोठण्याची शक्यता सांगते, आणि होकार मिळाल्यावरच ‘ऑडिओ’ गटाच्या नावे ९५ची मर्यादा फाइलमध्ये लिहिते.