मधुमेह: त्वचेची खाज, पायाची जखम आणि आयुष्मान कार्ड

ही माहिती अहिवारा (जिल्हा दुर्ग, छत्तीसगड) व परिसरातील मराठी भाषक लाभार्थ्यांसाठी आहे. आयुष्मान कार्ड प्रामुख्याने रुग्णालयात भरती झाल्यावर उपयोगी पडते. पायाची जखम लहान असतानाच दाखवली, तर बहुतेक वेळा भरती होण्याची वेळच येत नाही. त्यासाठीच्या सोयी वेगळ्या आहेत.

खाज का सुटते?

- रक्तातील साखर वाढली की लघवी वारंवार होते, शरीरातील पाणी कमी होते व त्वचा कोरडी पडते.
- पायाच्या नसांवर परिणाम झाल्यास पायांना घाम कमी येतो आणि टाचांना भेगा पडतात.
- बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, जांघेत नायटा किंवा गुप्तांगाला खाज येणे हा बुरशीचा संसर्ग असू शकतो. खाणीत किंवा कारखान्यात दिवसभर बूट घालणाऱ्यांना चिखल्या जास्त होतात.
- अंगभर सतत खाज येत असल्यास मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी.

दुकानातून स्वतःच्या मनाने मलम घेऊ नका. स्टिरॉइड असलेल्या मलमाने खाज तात्पुरती थांबते, पण नायटा पसरतो.

पायाची जखम धोक्याची का?

नसा बधिर झाल्यावर काटा, खडा किंवा चटका जाणवत नाही. रक्तपुरवठा कमी असल्यास जखम लवकर भरत नाही. उपचार लांबल्यास संसर्ग हाडापर्यंत जातो व बोट किंवा पाय कापावा लागू शकतो.

दररोज काय करावे?

1. रात्री दोन्ही तळवे व बेचके पाहा. वाकता येत नसेल तर आरसा धरा किंवा घरच्यांना पाहायला सांगा.
2. पाय साध्या पाण्याने धुऊन बेचके कोरडे करा. टाचेला खोबरेल तेल लावा, बेचक्यांत लावू नका.
3. गरम पाण्यात पाय बुडवू नका, शेकोटीजवळ पाय शेकू नका.
4. घरातही अनवाणी चालू नका. उन्हाळ्यात तापलेल्या फरशीनेही फोड येतात.
5. बूट घालण्यापूर्वी आत हात घालून खडा आहे का ते पाहा.
6. नखे सरळ कापा. भोवरी ब्लेडने कापू नका.
7. विडी, तंबाखू बंद करा.

कोठे जावे?

- आयुष्मान आरोग्य मंदिर: ३० वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह व रक्तदाबाची तपासणी मोफत होते. जवळचे केंद्र माहीत नसल्यास आपल्या वस्तीतील मितानिन ताईंना विचारा.
- जिल्हा रुग्णालय, दुर्ग: जखम भरत नसल्यास येथे दाखवावे. वर्षातून किमान एकदा पायांची संवेदना तपासून घ्यावी.
- जनऔषधी केंद्र: औषधे बाहेरून घ्यावी लागल्यास डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून येथे कमी किमतीत घेता येतात.

आयुष्मान कार्डाचा लाभ

प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेशी संलग्न रुग्णालयात विनामूल्य मिळतात. भरतीपूर्वीचे ३ दिवस व सुट्टीनंतरच्या १५ दिवसांचा तपासणी व औषधांचा खर्चही यात येतो. भरती न होता केलेली तपासणी, रोजच्या गोळ्या व इन्सुलिन यांचा खर्च कार्डातून मिळत नाही. कार्ड इतर राज्यांतील संलग्न रुग्णालयांतही चालते.

त्याच दिवशी दवाखान्यात जा

पाय लाल, गरम किंवा सुजलेला असेल. पू, दुर्गंधी किंवा काळेपणा दिसत असेल. जखमेसोबत ताप येत असेल, तर थांबू नका. दुखत नसले तरी जा. चालणे शक्य नसल्यास १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

डॉक्टरांना हिंदीत असे सांगा

मुंग्या येणे म्हणजे ‘झुनझुनी’, बधिरपणा म्हणजे ‘सुन्नपन’, भेगा म्हणजे ‘बिवाई’. जखम किती दिवसांपासून आहे तेही सांगा. सोबत आधार कार्ड, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड व जुन्या तपासण्यांचे कागद न्या.

संपर्क: योजनेच्या माहितीसाठी १४५५५, आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४.