घोड्याची चंदी, कुणब्याचा कडबा

मराठी घोडदळाच्या दौडी आपण कोसांत मोजतो. त्या दौडीमागे रोज किती दाणा आणि किती वैरण लागे, हा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. या धाग्यात तो मांडून पाहू.

जनावराला दिवसाकाठी स्वतःच्या वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा आहार लागतो. साडेतीनशे किलोच्या दख्खनी तट्टाला म्हणजे सात किलो. नुसत्या गवतावर घोडे जगते, पण दौड मारत नाही. त्यासाठी तोबऱ्यात हरभरा किंवा कुळीथ हवा. हीच चंदी. अकबराच्या खास घोड्यांना तीस दामी शेराने रोज साडेसात शेर, म्हणजे पावणेपाच किलोच्या आसपास दाणा मिळे, असे 'आईन-ए-अकबरी' सांगते. त्यात पीठ आणि साखरही येई! बारगिराच्या तट्टाचे असे लाड कोण करणार? आपण दोन किलो चंदी आणि पाच किलो गवत धरू.

हजार घोडी, पावसाळ्याचे १२० दिवस: २४० टन दाणा, ६०० टन गवत. एका बैलाच्या पाठीवर शंभर किलो धरले, तर नुसत्या दाण्यालाच २,४०० बैल हवेत. शिवाय पावसात वाटा बंद. जे साठवले तेवढ्यावरच छावणी काढायची.

राज्याभिषेकाच्या आगेमागे शिवाजी महाराजांनी चिपळूणकडील छावणीच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना पाठवलेले प्रसिद्ध पत्र या आकड्यांसमोर ठेवून वाचावे. आपण ते रयतेविषयीच्या कळवळ्याचे पत्र म्हणून वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण त्याचा पाया कोठीचा हिशेब आहे. दाणा-वैरण आताच उधळलीत, तर भर पावसात घोडी मरतील. मग तुमचे लोक कुणब्याच्या घरात शिरून कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी उचलतील. आणि रयतेला मोगल बरे वाटतील. उंदराने दिव्याची जळती वात ओढून नेली तर गवताच्या गंजी पेटतील, इतक्या बारकाव्यापर्यंत महाराज जातात. गंजी जळाली की भुर्दंड शेवटी कुणब्यालाच. पुढे पानिपतावर रसद तुटली, तेव्हा उपाशी घोड्यांनी काय होते ते १७६१ च्या जानेवारीत दिसलेच.

ज्या कुणब्याच्या दारात ही भूक येऊन उभी राहणार होती, त्याच्या गोठ्यातही तेच गणित होते. चारशे किलोच्या बैलाला रोज आठ किलो कडबा. जोडीला वर्षाकाठी जवळजवळ सहा टन. त्यातही अख्खी ताटे टाकली, तर जनावर पाने आणि शेंडा खाते. जाड बुडखे खुरांखाली तुडवले जातात.

इथे कुंडल येते. १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावहून आपला कारखाना हलवला. किर्लोस्कर म्हटले की लोखंडी नांगर आठवतो, पण त्यांचे पहिले यंत्र होते कडबा कापण्याचे. माझ्या मते इतिहासात त्याला नांगराइतका मान मिळायला हवा होता. बारीक तुकडे झाल्यावर जनावराला निवड करता येईना, आणि उकिरड्यावर जाणारा बुडखा गव्हाणीतच संपू लागला.