उजवा पाय आवरा

१९८२ साल. पुणे, सदाशिव पेठ, सकाळचे साडेसात. वाड्याच्या दारात तुम्ही काकांच्या चेतकला किक मारताय आणि ती ढिम्म आहे. घाबरू नका. स्कूटर जरा आडवी करा, सरळ करा, आता मारा. फुर्र! निळसर धुराला जळक्या ऑइलचा वास येतो. दोन स्ट्रोकचं इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावंच लागतं.

जपून चालवा. ही मिळायला काकांनी आठ वर्षं वाट पाहिलीय. किती गाड्या बनवायच्या ते सरकारी परवान्यावर ठरतं, त्यामुळे जवळच आकुर्डीला चेतकचा कारखाना असूनही पुणेकर रांगेतच. अमेरिकेतल्या भाच्याने डॉलर भरले असते तर नंबर आधी लागला असता.

चालवायला मात्र सोपी. डाव्या हाताने क्लच दाबून मूठ फिरवली की गिअर, उजव्या पायाखाली ब्रेक. टिळक रोडला एक चक्कर मारून तुम्ही परत येता तो शेजारचे फौजदार बुलेट पुसत उभे. "बघ चालवून. पण उजवा पाय आवर."

ही १९५५ पासून मद्रासला बनतेय. इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडून दशक उलटलं तरी तीच. ३४६ सीसी, एकच सिलिंडर, आणि सुरू करायची म्हणजे विधीच. किक सावकाश दाबत हेडलाइटवरच्या अ‍ॅमीटरकडे बघा. काटा मध्यावर आला की थांबा. डाव्या मुठीजवळची छोटी दांडी ओढून सिलिंडरमधला दाब सोडा, किक जराशी पुढे ढकला, दांडी सोडा, किक वर येऊ द्या. आता सगळं अंग घालून मारा. यात घाई केलीत तर किक उलटी येते आणि नडगी सुजते.

धक्... धक्... धक्. पेठेतल्या खिडक्या उघडतात.

टिळक रोडवर सायकलींचा लोंढा आहे. एक जण हात न दाखवता आडवा घुसतो. तुमचा उजवा पाय खाडकन खाली जातो, आणि गाडी थांबायच्या ऐवजी दुसऱ्यातून तिसऱ्यात पडते! इथे गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्याला; पहिला वर, बाकीचे खाली. डावा पाय कसाबसा वेळेवर शुद्धीवर येतो. सायकलवाला तुमचा उद्धार करून निघून जातो.

माझं मत विचाराल तर डोकं चेतकमध्ये जास्त आहे. पत्र्याचं अंगच सांगाडा, दहा इंची चाकं, त्यात स्टेपनी सोबत, पंक्चर झालं की तिथेच बदला. पुढे धाकटा उभा, मागे बायको, मध्ये थोरला. पण मान वळते ती बुलेटकडे, त्याला इलाज नाही.

तुम्ही किल्ली परत करता. फौजदारसाहेब बुलेट स्टँडवर चढवतात, मिशीवरून हात फिरवतात आणि काकांना म्हणतात, "अहो, स्कूटर देता का तासभर? गॅसचा सिलिंडर आणायचाय."