हैदराबादहून हिंगोलीपर्यंत आलेलं कोर्ट

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाल्यावर एक मावशी मागं थांबल्या. वडील वारल्यावर भावानं हक्कसोडपत्रावर सही मागितली होती. त्या म्हणाल्या, “सही नाही केली तर कोर्टात जावं लागंल. आन् कोर्ट तर औरंगाबादला. माझ्यानं कुठं होतंय?”

मावशींची भीती खोटी नव्हती. आपल्या भागात कोर्ट खरंच फार लांब होतं. ते जवळ कसं आलं, तेच आज सांगते.

१९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. मोठं कोर्ट हैदराबादला, मुसी नदीच्या काठी. तिथला कारभार उर्दूत चाले. मराठी बोलणाऱ्या बाईला आपल्याच दाव्यात काय लिहिलंय हे दुसऱ्याकडून समजून घ्यावं लागे. त्या कोर्टाच्या वर भारताचं कोणतंही न्यायालय नव्हतं.

१७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली आणि हैदराबादचं उच्च न्यायालयही दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाखाली आलं. पुढं १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. भाषा आपली झाली, पण उच्च न्यायालय गेलं मुंबईला, इथून पाचशे किलोमीटरहून लांब. रेल्वेचं भाडं, वकिलाची फी, मुक्काम, बुडालेली मजुरी. एवढं कुणाला परवडणार? कितीतरी जण खालच्या कोर्टाच्या निकालावरच थांबले असतील.

म्हणून मराठवाड्यातल्या वकिलांनी आणि लोकांनी औरंगाबादला खंडपीठ द्या, ही मागणी लावून धरली. २७ ऑगस्ट १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश औरंगाबादला बसू लागले. त्या आदेशालाही आव्हान दिलं गेलं. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश योग्य ठरवला, आणि १९८४ मध्ये खंडपीठ कायमचं झालं. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला.

आता मावशींच्या प्रश्नाकडं येऊ. आपल्या देशात कोर्टाची शिडी एकच आहे. खाली तालुक्याचं दिवाणी आणि फौजदारी न्यायालय, त्यावर जिल्हा व सत्र न्यायालय, त्यावर उच्च न्यायालय, आणि सगळ्यात वर सर्वोच्च न्यायालय. अमेरिकेत देशाची कोर्टं वेगळी आणि राज्यांची वेगळी, अशा दोन शिड्या आहेत. आपल्याकडं दिल्लीनं कायद्याचा लावलेला अर्थ कळमनुरीच्या न्यायाधीशांनाही पाळावा लागतो.

याचा आपल्याला काय उपयोग? २००५ च्या कायद्यानं हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. पण वडील त्याआधीच वारले असतील तर? यावर देशभर वेगवेगळे निकाल लागत होते. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हक्क मुलीला जन्मानंच मिळतो. २००५ मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही. वाटणी आधीच रीतसर होऊन गेली असेल तर गोष्ट वेगळी. हा निकाल दिल्लीत लागला, पण तो वसमतच्या लेकीलाही लागू आहे.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा. जमीन जिथं आहे, वाटणीचा दावा तिथल्याच कोर्टात लागतो. सुरुवातीलाच औरंगाबादला जावं लागत नाही. तलाठी आणि तहसील कार्यालय सातबारावर नोंद घेतात, पण मालकीचा वाद मिटवायचं काम दिवाणी न्यायालयाचं आहे. आणि निकाल विरोधात गेला तर साधारणपणे जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस मिळतात, उच्च न्यायालयात ९० दिवस. म्हणून निकालाची नक्कल लगेच मागा.

पैशाचं काय? बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. तिथं साधा अर्ज करायचा. फोन करायचा तर क्रमांक १५१००. भावाशी वैर नको असेल तर लोकअदालतीत तडजोडही होते. पण तिथला निवाडा शेवटचा असतो, त्यावर अपील नाही. म्हणून कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका.

हे सगळं ऐकून मावशींनी लगेच दावा लावला, असं नाही. भाऊ आहे, माहेर आहे, दिवाळीला तिथंच जायचंय. त्यांनी भावाला एवढंच सांगितलं, “आधी तालुक्याला जाऊन विचारून येते, मग सहीचं बघू.”

सही करायची की नाही, हे ज्या त्या बाईनं ठरवावं. पण कोर्ट लांब आहे म्हणून कुणी सही करू नये. हैदराबादहून ते आपल्या तालुक्यापर्यंत आलंय. आता एस.टी.चं एक तिकीट काढायचं, तेवढंच अंतर राहिलंय. एकटं जायला भीती वाटत असेल तर गटातल्या दोघीजणी सोबत जा.