सराव, परस्परसमीक्षा आणि डिजिटल चित्रकला : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संगणकाच्या पडद्यावर स्टायलसच्या साहाय्याने चित्र रंगविणे ही बाब आता जाहिरात व ॲनिमेशन या व्यवसायांपुरती मर्यादित राहिलेली नाही. कला महाविद्यालयांबरोबरच इतर महाविद्यालयांच्या अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमांतही तिला स्थान मिळू लागले आहे. मात्र या विषयाचे अध्यापन अनेकदा सॉफ्टवेअरमधील साधनांच्या परिचयापाशीच थांबते. चित्रकलेचा इतिहास पाहता चित्रकाराचे कौशल्य मुख्यतः दोन मार्गांनी वाढत आल्याचे दिसते. पहिला मार्ग निरीक्षणावर आधारलेल्या नित्य सरावाचा, तर दुसरा सोबत काम करणाऱ्यांनी केलेल्या समीक्षेचा होय. या दोन मार्गांचा मागोवा घेऊन संगणकामुळे त्यांत कोणता बदल घडला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. संगणकाने सरावाच्या सोयी वाढविल्या, परंतु चुकीची खूण पुसून टाकून समीक्षेचा आधार दुर्बल केला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. आरसा आणि इतरांची नजर

आपल्या चित्रातील दोष आपल्यालाच दिसत नाहीत, ही अडचण चित्रकारांनी फार पूर्वी ओळखली होती. लिओन बत्तिस्ता अल्बेर्ती यांनी १४३५ मध्ये लिहिलेल्या 'दे पिक्तुरा' या ग्रंथात चित्र आरशात पाहून तपासावे, असे सुचविले आहे. लिओनार्दो दा विंची यांच्या टिपणांतही हाच सल्ला आढळतो. आरशात उलटलेले चित्र दुसऱ्या कोणाच्या हातचे असल्यासारखे भासते व त्यातील दोष लवकर ध्यानात येतात, असे त्यांचे म्हणणे होते. चित्र काढत असताना इतरांची मते ऐकून घ्यावीत, असेही ते सांगतात. आरसा आणि सोबत्यांचे मत या दोन्ही उपायांचा हेतू एकच होता. स्वतःच्या कामाकडे परक्याच्या नजरेने पाहणे, हा तो हेतू होय.

पॅरिस येथे १६४८ मध्ये स्थापन झालेल्या राजकीय कला अकादमीने सराव व समीक्षा यांना संस्थात्मक रूप दिले. विद्यार्थ्याने प्रथम रेखाचित्रांच्या नकला कराव्यात, नंतर प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून व शेवटी प्रत्यक्ष मानवी आकृतीवरून रेखाटन करावे, असा तेथील क्रम होता. १६६७ पासून अकादमीत व्याख्यान-चर्चांची प्रथा सुरू झाली. त्यातील पहिल्या चर्चेत शार्ल ल ब्रन यांनी राफाएलच्या एका चित्राचे विवेचन केले. विशिष्ट चित्रातील रचना, रेखांकन, रंग व भाव यांचा क्रमाने विचार करण्याची शिस्त या चर्चांतून रूढ झाली. पुढे या चर्चांमधून नियमांचे साचे तयार झाले, ही त्यांची मर्यादाही नोंदविली पाहिजे. समीक्षा जेव्हा एकाच आदर्शाची राखण करू लागते, तेव्हा ती कौशल्याला बळ देण्याऐवजी त्याला जखडून ठेवते.

या सर्व काळात समीक्षेला एक मूक साहाय्य लाभत होते. कोळशाची चुकलेली रेषा पुसली तरी तिची धूसर खूण कागदावर राहते. तैलचित्रात आधी काढलेला हात किंवा चेहऱ्याची कड काही काळाने वरच्या थरातून डोकावू लागते. अशा खुणेला कलेतिहासात 'पेंटिमेंटो' ही इटालियन संज्ञा आहे. त्यामुळे चित्रकाराने काय काढले एवढेच नव्हे, तर काय बदलले हेही सोबत्याला दिसत असे.

२. मुंबईतील अनुभव

मुंबईत १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळा सुरू झाली. तेथील शिक्षणात सरावाला मोठे महत्त्व होते. जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली १८७२ ते १८८५ या काळात कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. काळोख्या लेण्यांत बसून शतकानुशतकांपूर्वीची रेषा पुन्हा काढणे, हा सरावाचा एक असाधारण पाठ होता. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांनीही वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांच्या सरावाची सवय महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांना लावली. परंतु परीक्षेत मिळते ती श्रेणी. चित्रातील कोणता दोष कसा दूर करावा, हे श्रेणीतून कळत नाही.

ही उणीव वर्गाबाहेर भरून निघाली. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. या चित्रकारांचे परस्परांच्या कामाविषयी बोलणे, तसेच वॉल्टर लँगहॅमर व रूडी फॉन लायडेन यांच्यासारख्या जाणकारांचा सहवास, या गोष्टी त्यांच्या जडणघडणीत महत्त्वाच्या ठरल्या. सय्यद हैदर रझा यांचा १९४८ मधील अनुभव या संदर्भात बोलका आहे. काश्मीरमध्ये त्यांची भेट फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी झाली. त्यांची चित्रे पाहून कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांच्या प्रतिभेची दाद दिली, मात्र चित्रांत रचनेचा पाया कच्चा असल्याचे स्पष्ट सांगितले व सेझानच्या चित्रांचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला. रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले आणि पुढे त्यांच्या चित्रांतील रचना उत्तरोत्तर घट्ट होत गेली. या समीक्षेचे तीन विशेष ध्यानात घेण्यासारखे आहेत. ती दुसऱ्या माध्यमात काम करणाऱ्या कलावंताने केली, तिने नेमका एक दोष दाखविला आणि पुढील सरावाची दिशाही सुचविली.

३. पडद्यावरील चित्र

संगणकावर रेखाटन करण्याचा आद्य प्रयत्न म्हणून इव्हान सदरलँड यांच्या १९६३ मधील 'स्केचपॅड'चा उल्लेख केला जातो. तथापि तो आराखडे काढण्यासाठी होता. रंगवण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा म्हणजे रिचर्ड शूप यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात विकसित केलेली 'सुपरपेंट' ही प्रणाली (१९७३) होय. १९८१ मध्ये दूरचित्रवाणी केंद्रांसाठी क्वांटेल कंपनीचा 'पेंटबॉक्स' आला. १९८४ मध्ये 'मॅकपेंट', १९९० मध्ये 'फोटोशॉप' व १९९१ मध्ये 'पेंटर' ही सॉफ्टवेअर आली आणि हे माध्यम वैयक्तिक संगणकावर पोहोचले. दाब ओळखणाऱ्या स्टायलसमुळे रेषेचा जाडबारीकपणा हाताच्या जोरावर अवलंबून ठेवणे शक्य झाले.

सरावाच्या दृष्टीने या माध्यमाचे लाभ निर्विवाद आहेत. रंग वाळण्याची वाट पाहावी लागत नाही आणि कागद वाया जात नाही. चित्र डावे-उजवे उलटविण्याची सोय म्हणजे अल्बेर्तींचा आरसाच होय. चित्र क्षणभर कृष्णधवल करून पाहणे म्हणजे डोळे किलकिले करून छायाप्रकाश तपासण्याची जुनी रीत होय. मात्र पडदा नसलेल्या टॅब्लेटवर हात मेजावर व नजर पडद्यावर असते. त्यामुळे कागदावर सहज येणारी रेषा येथे नव्याने कमवावी लागते. कोणताही तयार ब्रश हे काम विद्यार्थ्यासाठी करीत नाही.

४. पुसलेली चूक

अडचण निराळ्याच ठिकाणी आहे. 'अनडू' या आज्ञेने चूक कोणतीही खूण न ठेवता नाहीशी होते. फोटोशॉपमध्ये १९९४ साली लेयर आले, तर १९९८ साली 'हिस्टरी' ही सोय आली व अनेक पावले मागे जाता येऊ लागले. परंतु फाइल बंद करताच ही 'हिस्टरी' सामान्यतः संपते. तिचे नाव इतिहास असले, तरी तिचा उपयोग मात्र इतिहास मागे न ठेवण्याकडेच होतो. परिणामी सहाध्यायांपुढे येते ते केवळ तयार चित्र. त्यावर 'छान' किंवा 'जमले नाही' यापलीकडे बोलणे अवघड होते, कारण निर्णय कोठे चुकला हे चित्र सांगत नाही.

याच माध्यमात या अडचणीवरचा उपायही आहे. डेव्हिड हॉक्नी यांनी १९८७ मध्ये प्रसारित झालेल्या बीबीसीच्या मालिकेत पेंटबॉक्सवर काम केले, तेव्हा चित्र घडताना प्रेक्षकांना दिसले. २०१० पासून ते आयपॅडवर चित्रे काढू लागले. त्यांच्या 'ब्रशेस' या ॲपमध्ये प्रत्येक फटकारा नोंदला जाऊन चित्राचा प्रवास पुन्हा पाहता येत असे. स्वतःला रेखाटताना आपण त्यापूर्वी कधीच पाहिले नव्हते, असे त्यांनी नमूद केले आहे. सुमारे पन्नास वर्षांच्या साधनेनंतर आलेला हा अनुभव विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी देता येतो.

२०२२ मध्ये मजकुरावरून चित्र तयार करणाऱ्या प्रणाली सर्वसामान्यांना उपलब्ध झाल्यानंतर या प्रश्नाला वेगळेच गांभीर्य आले आहे. तयार चित्र हा आता कौशल्याचा पुरेसा पुरावा राहिलेला नाही. केवळ अंतिम फाइलवर गुण देणारा अध्यापक नेमके कशाचे मूल्यमापन करीत आहे, हे त्यालाही सांगता येणार नाही.

समारोप

वरील विवेचनावरून अध्यापनाच्या दृष्टीने काही निष्कर्ष निघतात. प्रत्येक अभ्यासचित्राच्या कच्च्या रेखाटनापासून अखेरपर्यंतच्या किमान तीन-चार अवस्था स्वतंत्रपणे जतन करून सादर करण्यास विद्यार्थ्यांना सांगावे. सहाध्यायांची चर्चा चित्र पूर्ण झाल्यावर न घेता, ते बदलता येण्याजोगे असताना घ्यावी. समीक्षकाने एक नेमका दोष व त्यासाठी एक नेमका सराव सुचवावा, आणि पुढील चर्चेची सुरुवात त्या सरावाच्या तपासणीने व्हावी. विद्यार्थ्यांना एकाच शैलीकडे वळविणे हा या चर्चेचा हेतू असू नये. पॅरिसच्या अकादमीचा इतिहास त्याबाबत पुरेसा इशारा देतो. या व्यवस्थेसाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. लागतो तो वेळापत्रकातील वेळ, आणि चुकलेले काम न लपविता सर्वांपुढे मांडता येईल असा वर्गातील विश्वास. अजिंठ्याच्या प्रतिकृती करणाऱ्या विद्यार्थ्यांची साधने आज बदलली आहेत. रेषा पुन्हा काढणे आणि ती दुसऱ्याला दाखविणे, या दोन गोष्टींना मात्र अद्याप पर्याय सापडलेला नाही.